जुन्या बागट्रॅक्टरचे सुकाणू

बागट्रॅक्टर हा शब्द मराठी वाचकाला काहीसा चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ट्रॅक्टर म्हटला की आपल्या नजरेसमोर काळी जमीन नांगरणारे, मोठाल्या मागच्या चाकांचे यंत्र उभे राहते. बागट्रॅक्टर हा त्याचाच धाकटा भाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शहरांभोवती उपनगरे पसरू लागली, तेव्हा घराभोवती अर्धा-एक एकर जमीन बाळगणारा एक नवा वर्ग तेथे तयार झाला. त्याला शेती करावयाची नव्हती. परंतु हिरवळ कापणे, भाजीपाल्यापुरती जमीन उकरणे आणि हिवाळ्यात दारापुढचे बर्फ लोटणे ही कामे त्याला चुकली नव्हती. या कामांसाठी थोड्या अश्वशक्तीची, एकच माणूस बसू शकेल अशी चारचाकी यंत्रे निघाली. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे एल्मर पाँड यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या धंद्यातून 'व्हील हॉर्स' ही यंत्रे आली. शेतीच्या अवजारांत अग्रेसर असलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील कारखान्यात 'कब कॅडेट' तयार केला व १९६१ च्या हंगामात तो बाजारात आणला. ही कंपनी आपल्याला परकी नाही. १९६३ मध्ये महिंद्र आणि महिंद्र व व्होल्टास यांच्या भागीदारीत तिने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि या कंपनीचा बी-२७५ ट्रॅक्टर पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला.

त्या काळातील ही लहान यंत्रे आजही अमेरिकेत हजारोंच्या संख्येने चालू स्थितीत आहेत. त्यांचा सांगाडा जाड पोलादाचा असतो, पुढचा आस बहुधा ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा असतो, आणि इंजिन इतके साधे असते की कोणताही हौशी कारागीर ते खोलून पुन्हा जोडू शकतो. कालमानाने जे प्रथम खिळखिळे होते ते सुकाणू. आणि नेमके त्याचेच सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. कब कॅडेटचा धंदा इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९८१ मध्ये एमटीडी या कंपनीला विकला; ती कंपनीही २०२१ अखेर स्टॅनली ब्लॅक अँड डेकरच्या मालकीची झाली. व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरो कंपनीकडे गेली. साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राची प्रत्येक खुंटी आणि प्रत्येक बुश नवा मालक गोदामात ठेवील अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. तेव्हा ज्याला यंत्र चालते ठेवावयाचे आहे त्याला लेथ यंत्रापुढे उभे राहून तो भाग स्वतः घडवावा लागतो, अथवा घडवून घ्यावा लागतो.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. इंजिनचा भाग मोडला तर यंत्र थांबते. सुकाणूचा भाग मोडला तर यंत्र थांबत नाही. बागट्रॅक्टरचा वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे धावत्या माणसाइतकाच असतो हे खरे. परंतु त्याच्या पोटाखाली गवत कापणारी पाती फिरत असतात. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा अधिक असू नये अशी मर्यादा अमेरिकन मानकाने घातली आहे. ही मर्यादाच ताशी सुमारे ३४७ किलोमीटर भरते. उतारावर असे यंत्र एकाएकी आपल्या मर्जीने वळले तर काय होईल हे वेगळे सांगावयास नको. म्हणून सुकाणूचा भाग किती मजबूत आहे याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, निकामी होण्याची वेळ आली तर तो कशा प्रकारे निकामी होईल? तो हळूहळू झिजून आवाज करील, वाकून इशारा देईल, की काचेसारखा तुटेल? पुढील विवेचनात प्रत्येक मापाच्या आणि प्रत्येक धातूच्या निवडीमागे हाच प्रश्न उभा आहे.

प्रथम ही यंत्रणा समजावून घेऊ. बैलगाडीचा आस सरळ असतो, आणि गाडी वळवताना बैल ती ओढून वळवतात. चारचाकी घोडागाडीत पुढचा संपूर्ण आस मधल्या खिळीभोवती फिरत असे, त्यामुळे अरुंद वळणावर गाडी कलंडण्याचा धोका असे. म्यूनिक येथील गेओर्ग लँकेन्स्पेर्गर या गाडी बनविणाऱ्या कारागिराने १८१७ च्या सुमारास निराळी युक्ती काढली. आस जागेवर स्थिर ठेवून त्याच्या दोन टोकांना प्रत्येकी एक उभी खीळ बसवावयाची आणि चाके त्या खिळींभोवती वळवावयाची, अशी ही युक्ती होती. लंडनमधील रुडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि शोध दुसऱ्याचा असूनही नाव त्यांचे राहिले. या खिळीला आज किंगपिन म्हणतात. प्रत्येक किंगपिनला एक बाहू असतो, दोन्ही बाहू टायरॉडने जोडलेले असतात, आणि सुकाणूच्या पेटीतून येणारी ओढदांडी त्यांपैकी एका बाहूला धरून ओढते किंवा ढकलते.

आता वळताना आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर चालते. म्हणून दोघांचा वळण्याचा कोन सारखा असून भागत नाही. समजा, दोन किंगपिनांमधील अंतर ७५ सेंटिमीटर व पुढच्या-मागच्या आसांतील अंतर १०५ सेंटिमीटर आहे. आतले चाक ३५ अंशांनी वळले, तर बाहेरचे बरोबर २५ अंशांनी वळले पाहिजे; अन्यथा एक चाक फरफटत जाईल. टायरॉड आसाच्या मागे असेल तर बाहू आतल्या बाजूस थोडे झुकते ठेवून हा फरक साधतात. बाहूंच्या रेषा मागे वाढविल्या असता त्या मागच्या आसाच्या मध्याजवळ मिळाव्यात असा ठोकताळा आहे, आणि वरील मापांत हा झुकाव सुमारे २० अंश येतो. नवा बाहू घडविणाराला याचा बोध असा की, भोकाची जागा पाच-सात मिलिमीटरने सरकली तरी भाग जागेवर बसेल, चाक वळेलही, पण वळण्याचे गणित बिघडलेले असेल.

सुकाणूची पेटी हा या यंत्रणेचा मेंदू म्हणता येईल. व्हील हॉर्समध्ये ती फारच साधी आहे: पंख्याच्या आकाराची दातेरी पट्टी आणि तिच्याशी जुळणारे लहान दंतचक्र. धूळ आणि गवताचा कचरा बसून दाते झिजतात. कब कॅडेटमध्ये रॉस पद्धतीची पेटी असते. डेव्हिड रॉस यांनी इंडियानातील लाफायेत येथे १९०६ मध्ये काढलेल्या कंपनीने ही रचना प्रचारात आणली. सुकाणूच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक पोलादी दंडगोल असतो व त्यावर मळसूत्रासारखी निमुळती खोबण कापलेली असते. या दंडगोलाला कॅम म्हणतात. खोबणीत तशीच निमुळती एक खुंटी शिरलेली असते, आणि ती खुंटी एका तरफेला घट्ट बसविलेली असते. चाक फिरले की खोबण खुंटीला पुढे-मागे ढकलते व तरफ वळते. खुंटी झिजली तर बाहेरच्या स्क्रूने तिला खोबणीत थोडी अधिक खोल दाबता येते. पाचरीचा हा जुनाच न्याय आहे.

ही युक्ती कोठे अपुरी पडते हे पाहणे बोधप्रद आहे. ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळच चालतो. त्यामुळे खुंटी आणि खोबण यांची झीज मध्यभागी अधिक आणि दोन्ही टोकांना नगण्य होते. मधली ढिलाई नाहीशी होईपर्यंत स्क्रू आवळला, की पूर्ण वळणावर सुकाणू जाम होते. ज्या सुकाणूची मधली ढिलाई आणि टोकांची अडचण एकाच स्क्रूने मिटत नाही त्याची खुंटी बदलण्याची वेळ आली असे समजावे. आणि ही ढिलाई किती लहान झिजेतून उद्भवते? तरफेच्या केंद्रापासून खुंटी ३५ मिलिमीटरवर असून अर्धा मिलिमीटर झीज झाली असेल, तर तरफ पाऊण अंशाहून थोडी अधिक मोकळी हलेल. पेटीचे गुणोत्तर १५ धरल्यास हातातल्या चाकावर तेच १२ अंश होतात. चाकाची त्रिज्या १८ सेंटिमीटर असेल तर त्याच्या कडेवर ही मोकळी फिरत जवळजवळ चार सेंटिमीटर भरेल. अर्ध्या मिलिमीटरचे चार सेंटिमीटर! त्यात किंगपिन, टायरॉडचे सांधे आणि आसाची मधली खीळ यांची ढिलाई मिळविली की चाक पाव फेरा फिरवूनही पुढची चाके हलत नाहीत, ही तक्रार समजू लागते.

म्हणून भाग घडविण्यापूर्वी कोणता भाग घडवावयाचा हे ठरविणे हेच अर्धे काम असते. एकाने चाक डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवीत राहावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर क्रमाने बोट ठेवावे. ज्या सांध्याच्या अलीकडे हालचाल आहे आणि पलीकडे नाही तो दोषी. ही परीक्षा न करता पेटीच प्रथम खोलण्याचा मोह अनेकांना होतो, आणि बहुधा दोष किंगपिनमध्ये निघतो.

दोषी भाग हाती आला की त्याचे माप घ्यावयाचे. पण झिजलेल्या भागाचे माप म्हणजे मूळ भागाचे माप नव्हे. किंगपिन जेथे वायसरखाली झाकलेली असते किंवा ग्रीजच्या खोबणीपाशी जेथे घासली जात नाही, तेथेच मायक्रोमीटर लावला पाहिजे. तेथे १८.९८ मिलिमीटर भरले तर जाणता कारागीर ते मूळचे १९.०५, म्हणजे पाऊण इंच होते हे ओळखतो. कारण त्या काळचे अमेरिकन नकाशे इंचाच्या साध्या अपूर्णांकांत काढले जात. डाव्या व उजव्या भागांची तुलनाही उपयोगी पडते, कारण दोन्ही सारखे झिजत नाहीत. लुधियाना, राजकोट किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातील मुरलेला कातारीदेखील मोडका तुकडा पाहून काम घेत नाही. त्याची जोडी कोठे आहे, असे विचारतो. हा प्रश्न शहाणपणाचा आहे. सांध्याचे माप हे एका भागाचे नसते, दोन भागांमधील मोकळिकीचे असते.

येथेच घरच्या कारागिराला कारखान्यापेक्षा एक सवलत मिळते. कारखान्यातील कोणतीही किंगपिन कोणत्याही बुशात बसली पाहिजे, म्हणून कारखाना ठराविक मापांना बांधलेला असतो. घरच्या कारागिराला एकच जोडी जुळवावयाची असते. किंगपिन ठिकठिकाणी झिजली असेल तर ती लेथवर कातून एकसारखी १८.३० मिलिमीटर करावी आणि त्या मापाचा बुश तयार करावा; १८.३० हे माप जगात दुसरीकडे कोठेही नसले तरी बिघडत नाही. मात्र ही सवलत फुकट मिळत नाही. गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १९.०५ चे १८.३० केल्याने व्यास चार टक्के घटतो, पण ताकद सुमारे ११ टक्के घटते. केवळ गवत कापणाऱ्या यंत्राला हे चालून जाईल. पुढे माती भरण्याचा मोठा डबा जोडलेल्या यंत्राच्या पुढच्या आसावर याहून कितीतरी अधिक भार येतो. तेथे किंगपिन नवीनच करणे योग्य.

बुश बसविण्याचे काम दिसते त्यापेक्षा नाजूक असते. आसाच्या टोकाशी असलेल्या बिडाच्या ठोकळ्यात किंगपिनचे उभे भोक असते. ते झिजून अंडाकृती होते, आणि झीज वरच्या व खालच्या तोंडाशी परस्परविरुद्ध बाजूंना असते. अशा भोकात साधे ड्रिल घातले तर ते झिजलेल्या वाटेनेच तिरपे जाईल. यावर कातारी लोकांचा एक जुना व सुंदर उपाय आहे. लेथच्या दोन केंद्रांमध्ये एक सरळ दांडा धरावयाचा, त्याच्या मध्यावर आडवे भोक पाडून कापणारे हत्यार बसवावयाचे, आणि आसाचा ठोकळा लेथच्या सरकत्या गाड्यावर पक्का बांधावयाचा. येथे काम फिरत नाही, हत्यार फिरते. आणि गाडा सरकेल तसे भोक या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच अक्षावर कापले जाते. हत्यार दांड्याबाहेर किती आले आहे हे मायक्रोमीटरने मोजून भोकाचा व्यास ठरवितात. आस लांब असल्याने त्याचे दुसरे टोक गाड्याबाहेर लोंबकळते. त्याला खालून आधार दिला नाही तर सारे श्रम वाया जातात. बीड कोरडेच कापावे. त्याची काळी भुकटी लेथच्या सरकपट्ट्यांत शिरून त्या खाते, म्हणून पट्ट्या कापडाने झाकाव्यात व काम संपताच पुसून काढाव्यात.

भोक सुमारे २२ मिलिमीटरपर्यंत मोठे करून त्यात कांस्याचा बुश दाबून बसवितात. यासाठी अमेरिकेत ६६० क्रमांकाचे शिसेयुक्त कांस्य वापरतात: शेकडा ८३ भाग तांबे, ७ कथील, ७ शिसे व ३ जस्त. बुशाचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा हवा, पण किती? घट्ट बसावा या हव्यासाने पाव मिलिमीटर ठेवणारे लोक आहेत. बीड दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसत नाही. जाड पाचर ठोकावी तसा बुश ठोकला तर ठोकळा चिरतो, आणि मग प्रश्न बुशाचा राहत नाही, आसाचा होतो. दोन ते तीन शतांश मिलिमीटर पुरेसे आहे. दाबल्यावर बुशाचे आतले भोक साधारण तेवढेच आवळते. म्हणून आतून शेवटचा हात बुश बसविल्यानंतर रीमरने फिरवावा आणि किंगपिनसाठी तीन ते पाच शतांश मोकळीक ठेवावी. ग्रीज जाण्याचे भोक बुशातही पाडावे लागते हे सांगण्याचे कारण एवढेच की, ते विसरले जाते. तेल मुरविलेल्या सच्छिद्र कांस्याचे तयार बुश बाजारात मिळतात. ते रीमरने घासल्यास पृष्ठभागावरची छिद्रे लिंपली जातात व तेल बाहेर येणे बंद होते. ज्याला शेवटचा हात फिरवावयाचा आहे त्याने भरीव कांस्यच घ्यावे.

कांस्य पोलादापेक्षा मऊ असते, आणि तोच त्याचा गुण आहे. दोघांपैकी एकाने झिजावयाचे आहे. तेव्हा जो भाग स्वस्त आहे, लवकर बदलता येतो आणि झिजताना मोठा आवाज करतो, त्याने झिजावे. पोलादी बुश अधिक टिकेल या समजुतीने तो बसविणारा मनुष्य झीज थांबवीत नाही, ती किंगपिनकडे ढकलतो.

रॉस पेटीतील खुंटी घडविताना हाच विचार अधिक कसोटीला लागतो. कॅमची खोबण घरच्या साधनांनी पुन्हा कापणे जवळजवळ अशक्य. खुंटी मात्र तासाभरात होते. प्रथम तिचा निमुळतेपणा. लेथची वरची सरक हव्या त्या कोनात फिरवून ती कातावी. हत्याराचे टोक केंद्राच्या उंचीवर तंतोतंत असले पाहिजे; किंचित वर-खाली असेल तर निमुळता पृष्ठभाग सरळ न राहता आत खचतो आणि खुंटी खोबणीला सर्व लांबीभर न टेकता दोन जागीच टेकते. हे पाहण्यासाठी खुंटीला निळ्या रंगाचा पातळ लेप देऊन ती खोबणीत फिरवून पाहतात. रंग जेथे पुसला जाईल तेथेच स्पर्श आहे. टायरॉडच्या गोल सांध्यांची निमुळती दांडी अशाच रीतीने जुळवितात. मोटारींत त्यासाठी फुटाला दीड इंच, म्हणजे आठास एक, हा उतार रूढ आहे. त्यासाठी सरक ३ अंश ३५ कलांवर लावतात.

मग धातू. खुंटीच्या एका बाजूवर रेषेएवढ्या जागेत सगळा दाब येतो, म्हणून मऊ पोलाद काही दिवसांत चपटे होते. उलट आरपार कडक केलेली खुंटी खड्ड्यात चाक आदळले की तडकू शकते. यास्तव कवच कठीण आणि गाभा चिवट अशी खुंटी हवी. ८६२० सारखे अल्प कार्बनचे मिश्र पोलाद सुमारे ९०० ते ९२५ अंश सेल्सियसवर कार्बनयुक्त वातावरणात ठेवून त्याच्या वरच्या थरात कार्बन मुरवितात, तेलात बुडवून पाणी देतात आणि मग १५० ते १८० अंशांवर थोडे पाणी उतरवितात. हे काम घरच्या भट्टीत अंदाजाने करण्यापेक्षा उष्णतासंस्काराच्या कारखान्यात करून घ्यावे. हे जमत नसेल तर ४१४० हे क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद, आपल्या बाजारातील ईएन १९ च्या जवळचे, मध्यम कठीण अवस्थेत विकत मिळते. ते तसेच कातून वापरावे. अशी खुंटी लवकर झिजेल, पण तुटणार नाही, आणि कॅमही खाणार नाही.

खुंटी जेथे तरफेत शिरते तेथे जाड भागापासून बारीक भाग सुरू होतो. ही पायरी काटकोनी ठेवावी असे कातणाऱ्याच्या हाताला सहज वाटते, कारण ती स्वच्छ दिसते. या काटकोनाचा इतिहास मोठा दुःखद आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासहून अधिक माणसे मरण पावली. रेल्वेचे आस असे का मोडतात याचा अभ्यास करून स्कॉटलंडमधील तरुण अभियंता रँकिन यांनी १८४३ मध्ये दाखवून दिले की, भेग आसाच्या खांद्यातल्या तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होऊन हळूहळू आत शिरते. पुढे प्रशियातील रेल्वे अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी आस लक्षावधी वेळा वाकवून पाहिले, आणि एका वेळी सहज सोसला जाणारा भारही असंख्य वेळा उलटसुलट पडला तर धातू मोडतो हे सिद्ध केले. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. सुकाणूचा प्रत्येक भाग असाच उलटसुलट वाकत असतो. म्हणून पायरीच्या कोपऱ्यात दीड-दोन मिलिमीटरची गोलाई ठेवावी, हत्याराचे ओरखडे पॉलिश कागदाने काढून टाकावेत, आणि ज्या भोकात तो भाग बसणार त्याच्या तोंडाची कडही तेवढीच मारावी. नाहीतर गोलाई टेकते आणि खांदा बसत नाही.

टायरॉडविषयी थोडक्यात सांगता येईल. त्याच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात. त्यामुळे सांधे न सोडता दांडा नुसता फिरवून लांबी कमी-अधिक करता येते. डावे आटे कापताना लेथचा गाडा चककडून दूर, उलट दिशेने चालवावा लागतो, एवढेच काय ते नावीन्य. मूळच्या गोल सांध्यांऐवजी अलीकडे गोलक बसविलेली तयार टोके लावतात. त्यांत ढिलाई नसते, पण ती उघडी असल्याने धुळीत लवकर झिजतात. आणि गोलक निसटला तर दांडा मोकळा सुटतो. म्हणून बोल्टाखाली गोलकाच्या घरापेक्षा मोठा वायसर अवश्य घालावा. मग घर फाटले तरी दांडा बोल्टावरच अडकून राहील.

उरला सुकाणूचा बाहू. घरच्या कारागिराच्या हौसेला येथे मर्यादा घातलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाहू अल्प कार्बनच्या साध्या पोलादाचा करावा, हवा तर थोडा जाड करावा, परंतु त्याला पाणी देऊ नये. दगडावर चाक आदळले तर असा बाहू वाकतो; यंत्र एका बाजूला ओढू लागते, चालकाला कळते, तो उतरून पाहतो. हाच बाहू जुन्या मोटारीच्या स्प्रिंगच्या पट्टीतून कापून वेल्डिंगने जोडला, तर दिसावयास तो दुप्पट मजबूत दिसतो. प्रत्यक्षात अधिक कार्बनचे पोलाद वेल्डिंगनंतर झपाट्याने थंड होताना सांध्याच्या कडेला ठिसूळ होते. ४१४० च्या बाबतीतही आधी दोन-तीनशे अंशांपर्यंत तापविल्याशिवाय व नंतर सावकाश थंड होऊ दिल्याशिवाय वेल्डिंग करू नये. ज्याच्याजवळ अज्ञात पोलादाचा तुकडा आहे त्याने त्यावर कानस चालवून पाहावी; ती घसरली तर तो तुकडा बाहूसाठी निरुपयोगी आहे. कठीण पोलादाच्या बोल्टांना शोभेसाठी क्रोमचा मुलामा देणेही असेच घातक, कारण विद्युत-मुलाम्याच्या वेळी धातूत शिरलेला हायड्रोजन त्याला आतून ठिसूळ करतो.

अमेरिकेतील या हौशी कारागिरांपैकी अनेकांच्या मोटारखान्यात जुनी साउथ बेंड लेथ यंत्रे आहेत. ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये त्याच साउथ बेंड शहरात ही यंत्रे बनविण्याचा कारखाना काढला होता. तेव्हा त्या शहरात जन्मलेला व्हील हॉर्स त्याच शहरातील लेथवर दुरुस्त होत असेल, तर ते नवल नव्हे. या लोकांनी अनुभवाने बसविलेला जोडणीचा क्रम असा: पुढचा आस उचलून घ्यावा, सगळे सांधे जोडावेत आणि चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. ते कोठेही अडता कामा नये. मधोमध ढिलाई जाईल एवढाच स्क्रू आवळावा आणि पुन्हा दोन्ही टोकांना फिरवून पाहावे. पुढच्या चाकांच्या पुढील कडा मागील कडांपेक्षा साधारणतः तीन मिलिमीटर जवळ येतील अशी टायरॉडची लांबी ठेवावी. प्रत्येक नटाला फाटखीळ किंवा अडकनट असावा. पाती काढून ठेवून पहिली चाचणी सपाट जमिनीवर घ्यावी. तासाभराने सगळे सांधे पुन्हा पाहावेत, कारण नवे भाग बसताना थोडे दबतात. शेवटी घडविलेल्या भागांची मापे इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवतात: उजवी किंगपिन १८.३०, डावी १८.५५, बुश ६६० कांस्य, खुंटी ४१४०, आणि वर्ष. पुढचा कातारी कोण असेल हे कोणालाच ठाऊक नसते, आणि त्याला ही मापे दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात सापडावयाची नाहीत.